वाचले : रुपये २,८०,०००

काही माणसं पैसे कमावून श्रीमंत होतात, काही वडिलोपार्जित जमीन विकून. आमचे खडकवासल्याचे शेजारी नाना न केलेल्या खर्चावर श्रीमंत झाले आहेत. ही जमात पुण्याच्या हवेत छान वाढते. परगावच्या लग्नाला न जाऊन तिकीट, आहेर आणि लॉजचं भाडं अशा तिन्ही रकमा मनातल्या मनात जमेस धरणारा एक तरी गृहस्थ प्रत्येक घराण्यात असतो. नानांचं वेगळेपण एवढंच, की ते मनातल्या मनात काही ठेवत नाहीत. लिहून ठेवतात.

त्यासाठी लाल कापडी बांधणीची एक लांबट वही आहे. प्रत्येक पानावर तीन रकाने : खर्च, वाचले, सापडले. 'खर्च'चा रकाना इतका चिंचोळा आखलेला, की चार आकडी रक्कम लिहायची झाली तर शेवटचं शून्य शेजारच्या 'वाचले'मध्ये जाऊन पडतं. 'वाचले' ऐसपैस, अर्धं पान खाणारा. 'सापडले' हा रकाना मागाहून, बाग साफ करताना जन्माला आला.

नाना मूळचे आरेखक. खडकवासल्याला धरणाजवळ पाणी आणि वीज संशोधनाचं जे मोठं केंद्र आहे, तिथं त्यांची सगळी नोकरी झाली. मुंबई इलाख्याच्या सरकारनं १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी सुरू केलेली ही संस्था. आज तिच्या अवाढव्य शेडांमध्ये देशातली बंदरं, नद्यांची पात्रं, धरणांचे सांडवे लहान करून बांधलेले असतात आणि त्यांत खरं पाणी सोडून लाटा, प्रवाह, गाळ यांचा अंदाज घेतला जातो. अख्खं बंदर एका छपराखाली बसलेलं ज्यानं नोकरीभर रोज पाहिलं, त्याला स्वतःची पाच गुंठ्यांची बाग म्हणजे किस झाड की पत्ती!

ही पाच गुंठे जागा किरकटवाडीच्या बाजूच्या उतारावर आहे. बैठं कौलारू घर, पुढेमागे मोकळं. नोकरीत असताना घेतली, घर बांधलं, आणि मुलांच्या शाळा-कॉलेजांपायी कुटुंब कोथरूडच्या फ्लॅटमध्ये गेलं ते मुलं परदेशी जाईपर्यंत तिकडेच राहिलं. घराला कुलूप होतं. बागेला कुणाचाच धाक नव्हता. वर्षातून एकदा दसऱ्याला नाना-माई यायचे आणि दाराला तोरण बांधून जायचे. पुढे दारापर्यंत पोचता येईना म्हणून तोरण फाटकाला बांधू लागले. शेवटच्या एक-दोन वर्षांत फाटकही सापडेना, तेव्हा बोगनवेलीलाच बांधून परत गेले. २०२१ मध्ये खडकवासला पुणे महापालिकेत गेलं आणि त्याच सुमारास निवृत्त होऊन नाना इथं राहायला आले. म्हणजे गाव कागदोपत्री शहर झालं त्याच वर्षी नानांनी अंगणात कोयता घेऊन प्रवेश केला.

तत्पूर्वी एक बागरचनाकार येऊन गेला. पोरगा हुशार होता. लॅपटॉपवर त्यानं हिरवळ, पांढऱ्या गोट्यांची पायवाट, कोपऱ्यात गझीबो असं सगळं फिरवून फिरवून दाखवलं. नानांनी त्याला दोन तास बसवलं. पाणी कुठून कुठं वाहतंय, मातीत मुरूम किती, कुठलं झाड ठेवावं, कुठल्याची मुळं भिंतीत शिरतील, हिरवळ किती पाणी पिते असे प्रश्न विचारले आणि उत्तरं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. शेवटी त्यानं आकडा सांगितला : दोन लाख ऐंशी हजार. नाना म्हणाले, "विचार करून कळवतो." त्या रात्री वहीचं पहिलं पान लिहिलं गेलं. खर्च : चहा, दोन कप. वाचले : रुपये २,८०,०००. या नोंदीनंतर बागेत काहीही केलं तरी नाना नफ्यातच राहणार होते.

कामाला हात घालण्याआधी अर्थातच प्रतिकृती. एकास पन्नास या प्रमाणात पाच गुंठे बरोबर एका पाटावर मावतात, आणि पाट माईंचा होता. चिकणमातीचा उतार, काड्यापेटीचं घर, शेवग्याच्या शेंगेच्या सालींचं कुंपण. मग नानांनी पावसाचा अभ्यास म्हणून तांब्याभर पाणी वरच्या अंगानं सोडलं. पाण्यानं हिरवळीची नियोजित जागा ओलांडली, काड्यापेटीच्या पुढच्या दारानं शिरून मागच्यानं बाहेर पडलं आणि पाटावरून ओघळून माईंनी वाळत घातलेल्या कुरडयांखाली गेलं. पुण्यात पाणी कुठंही शिरलं की १२ जुलै १९६१ च्या धरणफुटीची आठवण निघते. माईंचा जन्म त्यानंतरचा, पण म्हणाल्या, "फुटलं पानशेत." नाना खूश. पाणी कुठं जातं ते कळलं होतं, आणि तेही तांब्याभरात. नोंद : सल्ला, जलनिःसारण, वाचले इतके इतके.

आता प्रत्यक्ष जंगल. त्यात घाणेरी होती, गाजरगवत होतं, सुबाभूळ तर आपण लावली होती की आपोआप आली हे कुणालाच आठवत नव्हतं. खाली हराळी आणि लव्हाळा यांचं राज्य. मजूर लावले असते तर चार-पाच दिवसांत मैदान झालं असतं. पण मजुराला रोज द्यावा लागतो. नानांच्या डोक्यात शेळ्या आल्या.

तर्क बिनतोड होता. शेळी काय खात नाही? तण खाईल, वर लेंड्या देऊन जाईल, म्हणजे सफाई आणि खत एकाच खेपेत. डोणज्याच्या बाजूचा एक शेळीवाला नानांनी गाठला आणि 'चराई फुकट' असं त्यालाच उपकाराच्या सुरात सांगितलं. शेळ्या आल्या. घाणेरी जनावराला बाधते आणि गाजरगवताला कडू वास येतो, हे शेळ्यांना नानांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी दोन्हींकडे ढुंकून पाहिलं नाही. मागच्या पायांवर उभं राहून सुबाभळीचा पाला पोचेल तिथपर्यंत ओरबाडला, मग भिंतीच्या आडोशानं इतकी वर्षं जीव धरून राहिलेली जास्वंद संपवली, आणि जाता जाता माईंचा कढीपत्ता. जुन्या बागेतली आपण लावलेली म्हणता येतील अशी तेवढी दोनच झाडं उरली होती. वहीत त्या दिवशी 'वाचले : लेंड्या, दोन पाट्या' एवढीच नोंद आहे. कढीपत्त्याचा उल्लेख नाही. माईंनी मात्र तो विषय अजून मिटवलेला नाही. आमटीला फोडणी पडली की निघतोच.

शेवटी गाजरगवत नानांनी हातानंच उपटलं, आणि हे मात्र शास्त्रशुद्ध. पावसाच्या दोन-तीन सरी होऊन माती भुसभुशीत झाली की, आणि पांढरी फुलं धरायच्या आत, मुळासकट. एकेका रोपाला हजारोंनी बी धरतं. फुलल्यावर उपटणं म्हणजे पेरणीच. अंगाला लागलं तर खाज, नाकात गेलं तर दमा, म्हणून हातमोजे घालतात. नानांनी पायमोजे घातले, हातात. आणि उपटता उपटता येणाऱ्या-जाणाऱ्याला इतिहास ऐकवला. हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे त्याच्याकडे लोकांचं लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमाराला, आणि आर. एस. राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली त्याची नोंद छापली. पुढे देशभर झालं. पीएल-४८० योजनेत आलेल्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. नाना ही गोष्ट अशा अभिमानानं सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं गणेशोत्सवानंतर पुण्यानं देशाला दिलेली ही दुसरी देणगी. माईंना एकूण हकीकतीतला एकच तपशील महत्त्वाचा वाटला. "स्वस्तातल्या गव्हाबरोबर आलं ना? मग बरोबर."

घाणेरी उपटून येत नाही. वरून छाटली तर दुप्पट फुटते. खोडाखाली टिकाव घालून गड्डाच काढावा लागतो. इथं हत्यारांचा प्रश्न आला. नवं हत्यार घेणं नानांच्या तत्त्वात बसत नाही. दर रविवारी ते ज्येष्ठ नागरिकांच्या पासावर पीएमटीनं (पीएमपी झालेली त्यांना मान्य नाही) मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराला जातात. रविवार आणि बुधवार असा तो भरतो. बुधवारी गर्दी कमी आणि भाव जास्त मोडतो, तरी नाना रविवारच धरून आहेत. तिथून त्यांनी दांड्याविना टिकाव, पात्याविना दांडा, एक पहार, दाताळं, आणि झाडं छाटायची जपानी कात्री आणली, जिची स्प्रिंग नसल्यानं प्रत्येक फांदीनंतर ती हातानं उघडावी लागते. खुरपी मात्र उत्तम आहेत, लोहाराकडून पाणी देऊन घेतलेली. शनिवारी रात्री ओट्यावर बसून नाना दोन खुरप्यांना धार लावतात, पाण्याचा हात देऊन, अंगठ्यावर तपासून. सगळ्या हत्यारांत एवढ्या निगुतीनं ठेवलेली तीच.

बोगनवेल निघाली तेव्हा फाटक सापडलं. इथंच तिसरा रकाना सुरू झाला. सापडले : फाटक १. मग झोपाळ्याच्या कड्या, सिमेंटचा हौद, मातीखाली गेलेली शहाबादी फरशीची अख्खी पायवाट, आणि क्रिकेटचे चेंडू. शेजारची पोरं इंजिनिअर होऊन बंगळूरला गेली तेवढ्या वर्षांचे. सगळ्यात आत, वेलीच्या पोटात, चाकांवर उभी एक बजाज चेतक. नानांनी ती नोंदही केली : 'सापडले : स्कूटर १ (स्वतःची).' तिच्या डिकीत आता पुदिना आहे.

हौदाच्या मागे एके दिवशी धामण निघाली. चांगली लांब. माई ओरडल्या, मी काठी घेऊन कुंपणापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. नाना शांत. "अहो, नीलिमकुमार खैरे १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले याच पुण्यात. ही तर बिनविषारी." खैऱ्यांनी पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं वगैरे सांगून होईपर्यंत धामण कंटाळून निघून गेली. वहीत : 'सापडले : धामण १. उंदीर खाते. पगार नाही.'

सुबाभळींचं तेवढं चुकलं. गाव ग्रामपंचायतीत होतं तोवर कुणी विचारलं नसतं, असा नानांचा समज; महापालिका आल्यावर १९७५ चा झाडांचा कायदा लागू झाला आणि स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही अर्ज आला. अर्ज, फोटो, पाहणी. नाना सरकारी नोकरीतले, त्यांना अर्ज लिहायला आवडतं. परवानगी येईपर्यंत सुबाभळींनी आणखी बी टाकलं.

तोडलेल्या घाणेरीचं, पाल्याचं काय करायचं? जाळायचं नाही; उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि नानांच्या लेखी जाळणं म्हणजे नोटा जाळणं. खड्ड्यात थर घातले, वर शेणकाला. ओला कचरा होता, सुका पाचोळा कमी पडला. मग नाना कोथरूडला जाऊन तिथल्या सोसायट्यांच्या फाटकाबाहेर भरून ठेवलेली पाचोळ्याची पोती मागू लागले. ज्याच्याकडे पाचोळा जास्त आहे त्यानं ज्याला हवा त्याला द्यावा, अशी देवघेव जुळवून देणारी माणसं पुण्यात आहेत, त्यामुळे हे ऐकायला वाटतं तितकं विक्षिप्त नाही. विक्षिप्तपणा इतकाच, की नाना पोती रिक्षानं न आणता बसनं आणत. कंडक्टरनं एका पोत्याचं तिकीट फाडलं तेव्हा नानांनी त्याच्याशी वारज्यापर्यंत वाद घातला. पोत्यात पाचोळ्याबरोबर चपलेचा अंगठा, चमचे, कुणाचा तरी चष्मा असंही निघे. चष्मा नानांना थोडा लागला. सापडले.

मातीचा किस्सा याहून मोठा आहे. वरची माती वाहून गेलेली, खाली मुरूम. लाल मातीचा ट्रक मागवायचा तर हजारांत जाणार. आणि समोर, चालत जाण्याच्या अंतरावर, खडकवासला धरणाच्या पोटात जवळजवळ दीडशे पावसाळ्यांचा गाळ! उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठ उघडा पडतो. निवृत्त कर्नल सुरेश पाटील यांच्या 'ग्रीन थंब'नं तिथला गाळ काढायचं काम वर्षानुवर्षं चालवलं. राज्य सरकारची २०१७ ची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनाही याच विचाराची. गाळ फुकट, वाहतूक ज्याची त्यानं करायची. या वाक्याचा पूर्वार्ध नानांना मोहवून गेला आणि उत्तरार्धावर त्यांनी नातेवाइकांच्या साहाय्यानं मात केली.

खडकवासल्याला घर असणाऱ्याकडे पाहुण्यांचा तोटा नसतो. रविवारी सिंहगड करून उतरायचं, धरणाकाठच्या चौपाटीवर कांदाभजी, भाजलेलं कणीस खायचं आणि 'आलोच आहोत तर' म्हणून नानांकडे चहाला टेकायचं. पूर्वी हा खर्च होता. त्या उन्हाळ्यात नाना रविवारी जुन्या बाजारातून लवकर परतू लागले आणि पाहुण्यांना चौपाटीवरच गाठू लागले, हातात रिकामी बारदानं घेऊन. भाचा, भाच्याची नवी गाडी, भाच्याची सासुरवाडी, सगळ्यांनी एकेक पोतं उचललं. नव्या गाडीच्या डिकीत गाळ टाकताना भाचेसुनेचा चेहरा कसा झाला होता ते माई अजून करून दाखवतात. जूनपर्यंत वाफे भरले आणि पाहुणे बंद झाले. वहीत दोन स्वतंत्र नोंदी : 'गाळ, २२ पोती, वाचले' आणि त्याखाली 'चहा-पोहे, वाचले'.

नुसता गाळ वाफ्यात घातला की पाण्यानं चिकट होतो आणि उन्हानं तडकतो. पहिल्या वर्षी तसंच झालं. कोथिंबीर भेगांतून उगवली. मग कोथरूडचा पाचोळा आणि शेळ्यांच्या लेंड्या त्यात मिसळल्यावर जी माती झाली ती, प्रामाणिकपणे सांगतो, विकत मिळणार नाही.

रोपं आणण्याची नानांची पद्धत हा स्वतंत्र विषय आहे. चोरलेला मनीप्लांट जोमानं वाढतो असं लोक म्हणतात, पण नाना चोरत नाहीत. ते कौतुक करतात. सकाळी फिरायला निघायचं, एखाद्या फाटकाशी थांबायचं आणि घरमालक बाहेर येईपर्यंत झाडाकडे बघत राहायचं.

"वा! अशी दुहेरी जास्वंद मी एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातसुद्धा पाहिली नाही."

"फांदी हवी का?"

"छे छे, कशाला झाडाला त्रास. राहू द्या." एक उसासा. "बरं, एवढं म्हणताय तर. ही घ्या कात्री."

एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनालाही ते नेमानं जातात, जानेवारीत, शेवटच्या दिवशी, अंधार पडताना. कुंड्या परत वाहून न्यायचा ज्यांना कंटाळा आलाय असे स्टॉलवाले तेव्हा ओळखू येतात.

या पद्धतीला एकच तोटा आहे. ज्यानं फांदी दिली तो माणूस पुढेमागे बघायला येतो. डॉक्टरीणबाईंची जास्वंद मागे लावलेली त्यांना कशी चालेल? बँकेतल्या साहेबांचा सोनचाफा हौदाआड? त्यामुळे नानांच्या बागेत सगळी झाडं दर्शनी भागात आहेत. मागची रांगच नाही. बागरचनाकारानं जिथं हिरवळ दाखवली होती तिथं आज बावीस घरांची इभ्रत दाटीवाटीनं उभी आहे.

झेंडू मात्र पूर्णपणे नानांच्या बुद्धीतून आलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लोकांच्या गाड्यांवरचे सुकलेले हार त्यांनी विचारून गोळा केले, पाकळ्यांखालचं काळं बी चुरून वाफ्यात टाकलं. पुढच्या दसऱ्याला एवढी फुलं आली, की त्याच लोकांना त्यांनी ती पिशव्या भरभरून दिली. आणि दुसऱ्या दिवशी हार परत आणले. कंजूष म्हणवत नाही या माणसाला. द्यायला त्यांचा हात कधी आखडत नाही. बाजारभावानं घ्यायला आखडतो.

बसायला बाक हवं होतं. कुंपणाला जुना गिरिपुष्प होता, गावात त्याला उंदीरमारी म्हणतात. नानांनी त्याच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या तोडल्या, चार जमिनीत ठोकल्या, दोन पाठीला, वर सापडलेली फळी. लाकूड वाचलं, सुतार वाचला. गिरिपुष्पाची ओली फांदी मातीत रोवली की पावसाळ्यात ती धरते, म्हणूनच शेतकरी बांधावर लावतो. आषाढात बाकाचे पाय फुटले, श्रावणात पाठ हिरवी झाली. आता पाहुण्याला बसवायचं तर आधी बाकाची छाटणी करावी लागते.

राहिलं पाणी. आमच्याकडची म्हण सगळ्यांना माहीत आहे : धरण उशाला, कोरड घशाला. पुण्याला पाणी आमच्या दारावरून जातं. आमच्या दारात उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचं पाणी झाडाला घालायचं हे नानांना पाप वाटतं. त्यांचं दैवत विश्वेश्वरय्या. पाणी ठरावीक पातळीवर चढलं की आपोआप उघडणारे दरवाजे विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली बसवले ते इथंच, खडकवासल्याच्या धरणावर. नानांनी ठरवलं, आपलंही सगळं आपोआप. सोमवारी पहाटे ते चौपाटीवर गेले. रविवारच्या गर्दीनं टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या हव्या तेवढ्या. त्या धुतल्या, बुडं कापली, काठ्यांना उलट्या बांधल्या, झाकणाला सलाईनच्या नळ्या आणि थेंब कमी-जास्त करायची चाकं. थेंब थेंब मुळाशी, एक बाटली दोन दिवस. पाणी खरोखरच निम्म्यावर आलं. फक्त संध्याकाळी दिवा लावून फाटकातून आत पाहिलं तर बाग सरकारी इस्पितळाचा जनरल वॉर्ड वाटते, आणि नाना एकेकाचं चाक तपासत रांगेतून फिरत असतात. एका पाहुणीनं मोगऱ्यापाशी आवाज खाली आणून विचारलं, "कसं आहे आता?"

एवढं सगळं जमून आलं तरी तण हा प्रश्न कुठल्याही बागेत उरतोच. लव्हाळ्याची गाठ जमिनीत खोल असते. वरून काढला तरी आठवड्यात सुईसारखा वर येतो. हराळी तर फरशीच्या फटीतून. नानांच्या वाफ्यांत मात्र तण दिसत नाही. याचं श्रेय ते पाचोळ्याच्या आच्छादनाला देतात आणि त्यावर अर्धा तास बोलू शकतात. आच्छादनानं तण कमी होतं हे खरंच आहे. पण लव्हाळ्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

मी कुंपणापलीकडे राहतो, त्यामुळे मला रविवार दिसतो. नानांची बस वळणाआड गेली, की दहा मिनिटांनी गावातल्या दोघी जावा मागच्या बाजूनं येतात, ओट्यावरची खुरपी उचलतात आणि वाफ्यात बसतात. माई त्यांना चहा देतात, मधल्या वेळी भाकरी, आणि जाताना रुमालातून हजेरी. हे दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यापासून चालू आहे. पैसे माईंच्या भिशीतले. घरखर्चाच्या डायरीत ते 'दूध, जादा' असे पडतात, कारण ती डायरीही महिनाअखेर नाना तपासतात. दोन म्हाताऱ्या माणसांना एवढं दूध कशाला लागतं, हे त्यांनी कधी विचारलेलं नाही. वहीतली पै अन् पै पाहणारा माणूस हा. मी एकदा माईंना विचारलं, सांगून का नाही टाकत? त्या म्हणाल्या, "त्यांच्या वहीत जागा आहे का तेवढ्या खर्चाला? रकाना बघितलाय ना तुम्ही?"

परवा नानांचं व्याख्यान झालं. विषय : शून्य खर्चात बाग. जागा त्यांचंच अंगण. सिंहगड रस्त्यावरच्या दोन-तीन सोसायट्यांतले ज्येष्ठ नागरिक, फांद्या दिलेली बहुतेक घरं, आणि बऱ्याच दिवसांनी भाचा, गाडी न घेता. नानांनी वही वाचून दाखवली. एकूण वाचले : चार लाख बारा हजार काही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका चिकित्सक गृहस्थांनी विचारलं, "सगळं मान्य. पण नाना, खुरपणीचं काय? त्याला तर माणूस लागतोच."

"नाही लागत," नाना म्हणाले. "आच्छादन. चार बोटं जाडीचा पाचोळा. बीला ऊनच मिळालं नाही तर ते उगवेल कसं?"

माई आणि गावातली ती थोरली जाऊ मागे चहाचे कप भरत होत्या. बाईंना व्याख्यान वगैरेचं काही नव्हतं. त्यांना आपला दिवस धरायचा होता. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "नाना, ह्या रविवारी बाजारात जानार हाय ना तुमी? न्हाय, तसं कळलं म्हंजी आमाला यायला बरं."

माईंच्या हातातली किटली तशीच राहिली. चिकित्सक गृहस्थांनी मान वळवून आधी बाईंकडे, मग वाफ्यांकडे पाहिलं.

"जाणार तर," नाना म्हणाले. "साडेनऊच्या बसनं. दोन्ही खुरपी ओट्यावर असतील, पूर्वेकडच्या वाफ्यापासून धरा. तिथं लव्हाळा फार झालाय." आणि वहीचं पान उलटत श्रोत्यांकडे वळले, "तर, कुठं होतो आपण? हां. शून्य खर्च."